पीळ आणि पेड : कल्याण परिसरातील दोरकलेचा इतिहास आणि एका उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला मराठीचे व्याकरण शिकवले. समास शिकवताना ते एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगत : विग्रह करता येत नसेल, तर समास कळला असे म्हणू नये. जे जोडले आहे ते सोडवून पाहावे आणि पुन्हा जोडून दाखवावे, ही त्यांची ज्ञानाची कसोटी होती. मी पुढे आयुष्यभर मराठी शिकवली, ग्रंथ वाचले, थोडेफार लिहिले. परंतु त्यांच्या या कसोटीला उतरण्याचा खरा प्रसंग माझ्यावर आला तो सत्तरी उलटल्यावर, आणि तोही ग्रंथालयात आला नाही. याच राजेश्वर गावात एका वृद्ध दोरकऱ्यासमोर जमिनीवर बसलो असताना आला. आज त्याविषयी बोलण्याची परवानगी मी आपणाकडे मागतो. साहित्याच्या प्राध्यापकाने दोरखंडावर का बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळावे अशी माझी खटपट राहील. न मिळाल्यास मी चऱ्हाट लावले असे आपण खुशाल म्हणावे.

१

आरंभ शब्दांपासून करतो, कारण माझी ओळख शब्दांशी आहे. ‘चऱ्हाट लावणे’ हा वाक्प्रचार मी आत्ताच वापरला. ‘वेसण घालणे’, ‘दावणीला बांधणे’, ‘मुसक्या आवळणे’, ‘कासरा सैल सोडणे’, ‘परतीचे दोर कापणे’ हे सारे आपण रोज बोलतो. यांतील शेवटचा प्रयोग उच्चारताच १६७० सालचा सिंहगड आणि सूर्याजी मालुसरे यांची परंपरेने सांगितलेली कथा डोळ्यांपुढे उभी राहते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो. परंतु जळालेल्या सुंभाची राख ज्याने प्रत्यक्ष पाहिली आहे, त्याला तीत निरीक्षणाची अचूकताही दिसते. राख न हलवता पाहिली तर वळणांच्या रेघा तिच्यावर जशाच्या तशा उमटलेल्या असतात.

जनावर बांधण्याच्या दोराला आपण ‘दावे’ म्हणतो. ग्रामाचा गाव झाला, नामाचे नाव झाले, त्याच नियमाने संस्कृत ‘दाम’चे दावे झाले. यशोदेने ज्याच्या पोटाला दावे बांधले तो दामोदर. म्हणजे देवाच्या नावात आणि गोठ्यातल्या दाव्यात शब्द एकच आहे. सुश्रुताने जखमा बांधण्याचे जे चौदा बंध सांगितले, त्यांत ‘दाम’ आहे आणि ‘गोफणा’ही आहे. ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्या पोराच्या हातातली गोफण प्राचीन शल्यशास्त्राच्या परिभाषेत अशी बसलेली आहे. कमरेच्या कडदोऱ्यात ‘कटि’ आणि ‘दोरा’ आहेत. आपल्या सीमाभागात मात्र त्याच दोऱ्याला कानडीप्रमाणे ‘उडदार’ म्हणणारी घरे पुष्कळ आहेत, आणि एकाच घरात आजी एक शब्द व सून दुसरा शब्द वापरते.

सर्वांत विचार करण्याजोगा शब्द ‘गुण’ हा आहे. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पेड, धनुष्याची दोरी, आणि मग विशेष, सद्गुण. सांख्यांनी प्रकृती त्रिगुणात्मक सांगितली तेव्हा तीन पेडांचा दोर त्यांच्या नजरेपुढे असावा, असे मानण्यास जागा आहे. ‘ग्रंथ’ म्हणजे बांधलेले, गाठलेले. ‘सूत्र’ म्हणजे सूत. आणि आपली ‘ओवी’ म्हणजे ओवलेली. ज्या विद्येला आपण उच्च मानतो तिची सारी परिभाषा दोर वळणाऱ्या आणि मणी ओवणाऱ्या हातांकडून आली आहे. मराठी वाङ्मय मी जन्मभर या शब्दांनी शिकवले. ज्ञानेश्वरीतील दोर आणि सर्प यांचा दृष्टान्त विद्यार्थ्यांना समजावून दिला. दोराच्या जागी सर्प का भासतो हे मला सांगता येत असे. परंतु दोर दोर म्हणून का टिकतो, सुटून का जात नाही, असे कोणी विचारले असते तर मी निरुत्तर झालो असतो. सुदैवाने कोणी विचारले नाही.

२

आता इतिहासाकडे वळू. आपण ज्या ठिकाणी बसलो आहोत तेथून बसवकल्याण जवळच आहे. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने कल्याण ही चालुक्यांची राजधानी केली. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, १०७६ ते ११२६ या पन्नास वर्षांत, तिचे वैभव शिखराला पोचले. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ त्याच काळातली, बिल्हणाचे ‘विक्रमाङ्कदेवचरित’ही त्याच दरबारातले. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशासारखा ग्रंथ सिद्ध केला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. ओवीच्या प्राचीन उल्लेखांत तो अग्रगण्य मानला जातो. मराठीच्या अभ्यासकाने या भूमीला नमस्कार करावा याला एवढे कारणही पुरे आहे. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की ओवीचा हा उल्लेख श्रमाला जोडून आला आहे. मुसळाच्या घावाला धरून शब्द ओवले जात होते.

यानंतर काही दशकांतच कल्याणमध्ये बसवेश्वरांच्या भोवती शरणांचा मेळा जमला. त्या मेळ्यात धोबी होते, नावाडी होते, चांभार होते, सूत कातणाऱ्या स्त्रिया होत्या. आणि त्यांत एक दोर वळणारा होता. त्याचे नाव नुलिय चंदय्या. ‘नुलि’ या कानडी शब्दाचा अर्थच पिळणे, वळणे असा आहे. म्हणजे व्यवसाय हेच त्याचे उपनाव. विजापूरकडील शिवणगी हे त्याचे मूळ गाव मानतात. ‘चंदेश्वरलिंग’ या मुद्रेची त्याची वचने आज उपलब्ध आहेत. बसवकल्याणात त्याच्या नावाची गुहा दाखवतात, आणि कोरम-कोरच समाज त्याला आपला पूर्वज मानतो.

त्याची कथा कानडीत सुप्रसिद्ध आहे, ‘शून्यसंपादने’ या ग्रंथातही ती आली आहे. मराठी श्रोत्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. चंदय्या तळ्याकाठचे गवत कापी, त्याचे दोर वळी, ते विकी आणि येणाऱ्या पैशातून जंगमांची सेवा करी. एके दिवशी गवत कापताना गळ्यातले इष्टलिंग पाण्यात पडले. चंदय्या थांबला नाही. हातातले काम अर्धे टाकून लिंग शोधणे त्याला मान्य नव्हते. तेव्हा लिंगच त्याच्या मागे आले आणि मला धारण कर म्हणू लागले. तो ऐकेना. अखेर मडिवाळ माचय्याने मध्यस्थी केली आणि तोडगा निघाला तो असा : लिंगानेही कायक करावे. चंदय्याने दोर वळावे आणि लिंगाने ते विकून यावे. लिंग दोर घेऊन बसवेश्वरांकडे गेले. त्यांनी भक्तिभावाने भरमसाट मोल दिले. चंदय्याने ते नाकारले. दोराचे जे उचित मोल तेवढेच आपले, त्याहून अधिक घेणे हा कायकाचा भंग, ही त्याची भूमिका.

कथा कथेसारखी घ्यावी. परंतु तिचा आशय त्याच्या वचनांतून स्वच्छ दिसतो. गुरू असो, लिंग असो, जंगम असो, कोणाचीही सुटका श्रमावाचून नाही, असे तो निर्भयपणे सांगतो. आपल्याकडे सावता माळी, गोरा कुंभार, चोखोबा यांनी आपापल्या कामात देव पाहिला. चंदय्याने एक पाऊल पुढे टाकले आणि देवालाच कामाला लावले. याचे मर्म असे, की दोर वळणे हे त्याच्यासाठी जन्माने गळ्यात पडलेले ओझे राहिले नव्हते. ते त्याने पत्करलेले कायक होते. त्याचे मोल तो स्वत: ठरवत होता आणि त्या मोलावर ठाम होता. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

३

कल्याणची क्रांती मोडली, शरण पांगले, सत्ता बदलत गेल्या. बहामनी आले, बरीदशाही आली, मोगल आले, निजाम आले. दोराची गरज मात्र तसूभरही कमी झाली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो उघडून पाहिला म्हणजे खेड्याच्या व्यवस्थेत दोर वळणाऱ्याचे स्थान काय होते हे दिसते. मराठी मुलखात हे काम मुख्यत: मातंग समाजाकडे होते. मोटेचा नाडा व सोंदूर, बैलांचे कासरे, वेसणी, दावी, मुसकी, शिंकी, सारे तो समाज पुरवी आणि बदल्यात सुगीला खळ्यावर बलुते घेई. ‘घेई’ हे क्रियापद मी वापरले, पण वस्तुस्थिती ‘मिळेल ते उचली’ अशी होती. ज्याच्या दोरावर गावाचे पाणी विहिरीतून वर येई, त्याला त्याच विहिरीवर चढण्याची मनाई होती. या वाक्यात अलंकार शोधू नये. ती आपल्या गावोगावची नोंद आहे.

त्याच वेळी बाजारपेठेत पटवेकरी नावाचा कारागीर बसत असे. तो रेशमी दोरा पिळी, दागिने गाठी, करगोटे आणि गोंडे करी. पीळ तोच, पेड तेच, बोटांची चाल तीच. एकाच्या हातात रेशीम होते म्हणून तो ओटीपर्यंत येई. दुसऱ्याच्या हातात अंबाडी होती म्हणून तो वेशीबाहेर राही. कलेची प्रतवारी कौशल्यावर ठरते असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती कच्च्या मालावर, आणि त्याहून अधिक, जन्मावर ठरली.

माझ्या लहानपणीची एक आठवण येथे सांगणे अवश्य वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी नवी दावी आणि कासरे येत. आणणारा मनुष्य अंगणाच्या कडेला ते ठेवून मागे सरे. घरातले कोणी तरी त्यांवर पाणी शिंपडी आणि मग ते उचलले जाई. दोर ओला झाला की घट्ट बसतो, म्हणून पाणी शिंपडतात, असे मला सांगण्यात आले होते. मी ते पुष्कळ वर्षे खरे मानले. लहान मुलाला दिलेले ते असत्य किती शिताफीचे होते! त्यातला अर्धा भाग खराही आहे. नवा दोर भिजवून ताणला की पीळ बसतो. रूढी टिकते ती अशाच अर्ध्या सत्याच्या आधारावर.

पुढे काळाने वेग घेतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आपला भाग म्हैसूर राज्यात आला. घरी मराठी, बाजारात दखनी, कचेरीत आधी उर्दू व नंतर कानडी, असा आमच्या पिढीचा प्रवास झाला. पाठोपाठ विहिरींवर विजेचे पंप आले आणि मोटा थांबल्या. मोट थांबली तेव्हा नाडा संपला. ट्रॅक्टर आले आणि बैल घटले, तेव्हा कासरा संपू लागला. उरलेली जागा नायलॉनच्या दोरीने घेतली. ती कुजत नाही, स्वस्त पडते, कोठेही मिळते. शेतकऱ्याने ती घेतली यात त्याचा काही दोष नाही.

४

अशा वेळी मी शिकायला गेलो. सीमाभागातील शब्दांचे टिपण करावे एवढाच आरंभी हेतू होता. गावातील एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांना सारे मामा म्हणतात, मीही मामाच म्हणू लागलो. वही काढून मी शब्द विचारू लागलो. दोन दिवस त्यांनी उत्तरे दिली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “गुरुजी, नावं लिवून घेतली तर दोर व्हत न्हाई. हात घाला.” मी हात घातला. त्या क्षणापासून माझे प्राध्यापकपण गळून पडले.

वाख हा पहिला धडा. अंबाडी फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधून ओढ्याच्या संथ पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. सुमारे दोन आठवड्यांनी साल सुटू लागते. दोन दिवस आधी काढली तर धागा काडीला चिकटून राहतो, दोन दिवस उशीर झाला तर धागाच कुजतो. हा दोन दिवसांचा विवेक नाकाने करायचा असतो, वासावरून. मग सोलणे, आपटणे, धुणे, वाळवणे. हाती येतो तो पिवळसर चमकदार वाख. घायपाताचाही वाख काढतात. परंतु घायपात ही मूळची अमेरिकेची वनस्पती, युरोपियनांच्या आगमनानंतर आपल्याकडे आलेली. म्हणजे चंदय्याच्या हातात ती नव्हती. त्याच्या तळ्याकाठी गवतच होते.

वळण्यापूर्वी वाख ओला करावा लागतो. त्यासाठी मामांजवळ पाण्याचे एकच मडके होते. मी हात पुढे केला तेव्हा ते थांबले. माझ्याकडे पाहिले, मडक्याकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. मी हात बुडवला. अंगणाच्या कडेला ठेवलेली ती दावी मला त्या वेळी आठवली. साठ वर्षांनी का होईना, पाणी शिंपडण्याचा अर्थ मला नीट कळला. त्यात माझा मोठेपणा काही नाही. उशीर झाल्याची लाजच अधिक होती.

दुसरा धडा पिळाचा. वाखाचे तीन पेड करायचे आणि प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्यायचा. मग तिघांना एकत्र करून वळायचे. मी उत्साहाने तेही उजवीकडे वळले. दोर छान दिसला. मामांनी एक टोक सोडायला सांगितले. सोडताच सारा दोर अंग झटकल्यासारखा उलगडला आणि हातात तीन सुटे पेड राहिले. “येकाच बाजूला पिळलं की सुटतं,” ते म्हणाले, “उलटं वळा.” पेड उजवीकडे पिळलेले असतील तर दोर डावीकडे वळायचा. मग प्रत्येक पेड आपला पीळ सोडण्यासाठी एका दिशेने ओढतो, आणि दोर आपला पीळ सोडण्यासाठी विरुद्ध दिशेने. दोन्ही ओढी एकमेकींना अडवतात आणि दोर टिकतो. दोर दोर म्हणून का टिकतो, या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अशा रीतीने मिळाले. विरोध नाहीसा करून तो टिकत नाही. विरोध तोलून धरला म्हणून टिकतो.

तिसरा धडा सांध्याचा. वाख हात-दीड हात लांब आणि दोर वीस हात. तेव्हा नवा वाख सतत जोडत राहावे लागते. मी तिन्ही पेडांत एकाच ठिकाणी वाख जोडला. मामांनी दोर गुडघ्याला लावून ओढला, तो नेमका तेथेच तुटला. तिन्ही सांधे एका जागी येऊ द्यायचे नाहीत, एक पेड जोडताना दोन शाबूत पाहिजेत, हा नियम. घरी परतताना माझ्या मनात आले, की आमच्या पिढीचे हेच झाले. राज्य बदलले, राज्यकारभाराची भाषा बदलली आणि कामाची साधने बदलली, हे तिन्ही सांधे पंधरा-वीस वर्षांच्या एकाच टप्प्यात आले. जे तुटले ते तेथे तुटले. यात कोणाला दोष देण्यापेक्षा नियम समजून घेणे बरे.

चौथा धडा गोफाचा. वळलेला दोर आणि विणलेला गोफ यांत मोठा भेद आहे. वळलेल्या दोराला जड वजन टांगले तर तो स्वत:भोवती फिरतो, कारण पीळ सुटू पाहतो. गोफात पेड आळीपाळीने एकमेकांवरून व खालून जातात, उजवे आणि डावे यांचा हिशेब चुकता होतो, म्हणून गोफ फिरत नाही. चार पेडांचा गोल गोफ असा : उजवीकडच्या टोकाचा पेड मागून दोन पेडांच्या पलीकडे न्यायचा आणि पुढून एकावरून परत आपल्या बाजूला आणायचा, मग डावीकडचा तसाच. ऐकायला हे दोन वाक्यांचे आहे. मला त्याला तीन आठवडे लागले. चूक झाली की ती चार फेऱ्यांनंतर दिसे, आणि तोवरचे सारे सोडावे लागे. समासाचा विग्रह! गुरुजींची आठवण मला तेव्हा फार आली. “तुमी हातानं इनत न्हाई, डोक्यानं मोजताय,” मामा म्हणत. एके दिवशी बोलण्याच्या नादात मोजणे सुटले आणि वीतभर गोफ बिनचूक उतरला. हे लक्षात येताच मी पुन्हा मोजू लागलो आणि पुन्हा चुकलो.

गोव्यात शिमग्याला गोफ नाचतात हे आपणास ठाऊक असेल. मध्यभागी टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके धरून नर्तक एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात. नाचता नाचता वर गोफ तयार होतो, आणि मग उलट पावले टाकून तो पूर्ण सोडवतात. कर्नाटकात याच धर्तीच्या नृत्याला जडे कोलाट म्हणतात, जडे म्हणजे वेणी. गोफ विणणे ही पायांनीही शिकण्याची विद्या आहे, आणि सोडवता आल्याशिवाय ती पुरी होत नाही, हे त्या नाचाने जपून ठेवले आहे.

५

ही विद्या केवढी जुनी आहे याचा अंदाज अलीकडे आला. फ्रान्समधील एका शैलाश्रयात दगडी पात्याला चिकटलेला दोरीचा सहा मिलिमीटरांचा तुकडा संशोधकांना सापडला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. चाळीस हजार वर्षांपूर्वीच्याही आधीचा, निअँडरथल मानवाच्या काळातला. झाडाच्या सालीचे तीन पेड, प्रत्येक एका दिशेने पिळलेला, आणि तिन्ही मिळून उलट दिशेने वळलेले. मामांनी मला ‘उलटं वळा’ म्हणून सांगितले ते तेथेही कोणी तरी कोणाला सांगितले असेल. पेरू देशात केस्वाचाका नावाचा झुलता पूल गवताच्या दोरांनी दरवर्षी नव्याने बांधतात. काठावरची गावे मिळून हे काम करतात, आणि २०१३ साली युनेस्कोने ती विद्या मानवजातीच्या वारशात नोंदवली. जपानमध्ये रेशमी गोफ विणण्याची कुमिहिमो ही कला सन्मानाने शिकवली जाते. गवताचा दोर वळणारा चंदय्या आपल्या शेजारचा. त्याच्या विद्येसाठी आपण काय केले, हा प्रश्न मला साहजिकच पडला.

आणि येथेच मी अडखळलो. मी मामांना म्हणालो, ही कला जगली पाहिजे, नातवाला शिकवा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नातू हैदराबादेत मोटार दुरुस्ती शिकतोय. त्येला ह्यात वडू नका, गुरुजी. तुमाला आवड म्हनून तुमी वळताय. आमाला सोडायचंच नव्हतं, म्हनून आमी वळत व्हतो.”

श्रोतेहो, माझ्या व्याख्यानाचा सारा भार या एका उद्गारावर आहे. कला नष्ट होते म्हणून हळहळणे सोपे आहे. परंतु ज्या दोराने विहिरीचे पाणी वर आले, त्याच दोराने वळणाराही बांधलेला होता. ते बंधन तुटले याचा आनंद मानायचा की कला तुटली याचा शोक करायचा? दोन्ही ओढी खऱ्या आहेत आणि त्या विरुद्ध दिशांच्या आहेत. एकीलाच धरून वळले तर विचार सुटून जातो, हे मी आता हाताने शिकलो आहे. नातवाने मोटारदुरुस्ती शिकावी हे योग्यच आहे. त्याच्या आजोबांच्या विद्येचे जतन करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणे म्हणजे बलुत्याचा जुना जुलूम संस्कृतीच्या नावाने पुन्हा लादणे होय. ती जबाबदारी त्यांची आहे, ज्यांनी आठशे वर्षे दोर वापरला आणि कधी वळला नाही. चंदय्याच्या हाती दोर हे कायक होते, गावगाड्यात ते बलुते झाले. त्याला पुन्हा कायक करायचे असेल तर ते सक्ती नसलेल्या हातांनीच शिकले पाहिजे, आणि शिकवणाऱ्याला त्याचे उचित मोल, ना कमी ना भरमसाट, दिले पाहिजे.

६

म्हणून संस्थेपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. हस्तव्यवसायाचा विचार आपल्या शिक्षणात नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी बुनियादी शिक्षणाची कल्पना मांडली, १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. व्यवहारात या तासाला पुठ्ठ्याची घरे होतात आणि गुण दिले जातात. त्या तासांपैकी वर्षातून बारा तास या शाळेने दोर वळण्यासाठी द्यावेत. साऱ्या जातींच्या मुलामुलींनी एकाच मडक्यात वाख भिजवावा. शिकवायला मामांसारख्या कारागिरांना बोलवावे, शिक्षकाला देतो तेवढे तासाचे मानधन द्यावे, आणि हजेरीपटावर शिक्षक म्हणून त्यांची सही घ्यावी. मी याविषयी मामांना विचारले. ते म्हणाले, “सही यील मला. पर खुर्चीवर बसून दोर वळत न्हाई, पोरं खाली बसतील का?” हा प्रश्न मी आपल्यापर्यंत पोचवतो. त्याचे उत्तर मुख्याध्यापकांनी द्यावयाचे आहे.

येथे मेजावर दोन दोर ठेवले आहेत. एक मी वळलेला, पाच हात. त्यात तीन ठिकाणी पीळ सैल आहे, त्या जागा बोटाला लागतील. दुसरा मामांचा. शाळेच्या घंटेची दोरी गेल्या पावसाळ्यात तुटली आणि तेव्हापासून तेथे नायलॉनचा तुकडा आहे, असे शिपायांनी मला सांगितले. मामांचा दोर त्यासाठी आणला आहे. त्याचे मोल मी त्यांना विचारून दिले आहे, ते त्यांनी सांगितले तेवढेच. माझा दोर मी परत नेणार आहे. तो अजून सोडवून पुन्हा वळायचा आहे.